तळवड्याचे चौऱ्याण्णव सेकंद

माझं काम काय ते सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी सहसा सांगत नाही. चाकणच्या एका कंपनीत मी टाइम स्टडीला आहे. म्हणजे कामगार नट आवळत असतो आणि मी त्याच्या बाजूला स्टॉपवॉच घेऊन उभा असतो. नट आवळायला किती सेकंद लागले ते लिहायचं, बस्स. सव्वीस वर्षं हेच चाललंय. मध्येच कुणी शिंकलं तर शिंकसुद्धा लिहितो, वेगळ्या रकान्यात. या सव्वीस वर्षांत मी एकही रीडिंग खोटं लिहिलेलं नाही. युनियनवाल्यांनी दम दिला, मॅनेजरांनी गोडीगुलाबीने घेऊन पाहिलं, एका दिवाळीला तर काजूकतलीचा डबा घरी आला. काजूकतली आम्ही खाल्ली, पण अकरा सेकंदांचे अकराच राहिले.

आता अशा माणसाने या पट्ट्यात राहून काय काय ऐकायचं! मराठीत म्हणे क्षण आहे, पळ आहे, निमिष आहे. असतील बापडे. ते लग्नपत्रिकेत नाहीतर निरोप समारंभात भेटतात. निगडीपासून चाकणपर्यंत वेळ थोडा असला की तो हमखास इंग्रजीत असतो. वन मिनिट. वन सेकंद. जस्ट निघालो. हाफ मिनिटात आलोच. आयटीतली पोरं तर सेकंदसुद्धा पुरा म्हणत नाहीत, नुसतं 'सेक' म्हणतात आणि त्या वाचवलेल्या अर्ध्या शब्दाच्या जिवावर अर्धा तास खातात. तास, दिवस, महिना मात्र सगळे मराठीत सांगतात. मला तर वाटतं, जे पाळायचं असतं ते माणूस मराठीत बोलतो आणि जे पाळायचं नसतं ते इंग्रजीत.

माझं डोकंच फिरतं या शब्दांनी. एकदा भाच्याच्या लग्नाला निघताना बायको आतून "टू मिनिट्स हं" म्हणाली आणि सवयीने माझ्या हाताने वॉच दाबलं. एकतीस मिनिटं चाळीस सेकंद! इथपर्यंत ठीक होतं. पण मी ते तिला सांगितलं, हा गाढवपणा. वर म्हणालो, "तुझ्या एका मिनिटात आमची जवळजवळ सोळा बसतात." लग्नाचं जेवण ती माझ्या शेजारी बसून जेवली आणि अख्ख्या पंगतीत फक्त वाढप्याशी बोलली.

आमची कंपनीची बस म्हणजे या शब्दांचं माहेरघर. चिंचवडहून निघते, निगडीला मी चढतो, मग तळवडे आणि तिथून म्हाळुंग्यावरून चाकण. ड्रायव्हर काका मावळातले, पिढ्यान्‌पिढ्या याच भागातले. बोलतात कमी, पण कोणता शब्द किती वेळाचा हे त्यांना माझ्यापेक्षा चोख ठाऊक. बसमधून कुणीतरी पत्र्यावर थाप मारून ओरडतो, "काका, वन सेकंद, आमचा माणूस येतोय!" काका मागे न बघता म्हणणार, "सेकंद म्हंजी दिसतोय. थांबतो." 'वन मिनिट' म्हणजे माणूस गल्लीच्या तोंडाशी आहे. 'टू मिनिट्स' म्हणजे अंघोळ चालू आहे. आणि फोनवर "जस्ट निघालो" असं ऐकू आलं की काका शांतपणे गिअर टाकणार. "त्यो अजून हातरुणात हाय," एवढंच म्हणणार. वर्षानुवर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं.

मग नवे साहेब आले. वय माझ्या नोकरीएवढंच असेल, दोन-चार वर्षं जास्त. ॲडमिनपासून बसपर्यंत सगळं त्यांच्याकडे. पहिल्याच मीटिंगमध्ये ते म्हणाले, "आय विल गेट बॅक टू यू इन अ जिफी." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि टेबलाखाली मोबाइलवर शोधलं. जिफी म्हणजे म्हणे क्षणभर. चला, यादीत आणखी एक शब्द आला! तर या साहेबांच्या लक्षात आलं, की आमची बस शिफ्टला जेमतेम दोन मिनिटं असताना गेटात शिरते आणि लोक लाइनीवर धावत पोचतात. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुम्ही एवढे एक्स्पर्ट घरात असताना बाहेर कशाला जायचं? बसचा टाइम स्टडी करा."

खोटं कशाला बोलू, मला मनातून उकळ्या फुटल्या. सव्वीस वर्षांनी कुणीतरी मला नटाबोल्टांच्या बाहेर काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी निगडीला बसमध्ये चढलो, काकांच्या मागची सीट धरली, मांडीवर पॅड घेतला आणि वॉच सुरू केलं. स्टॉपवॉच बघून माणसं कशी बदलतात ते मला ठाऊक आहे, पण बसमध्ये तर कहरच. एरवी पाय ओढत चढणारे उड्या मारून चढले. मी फसणाऱ्यातला नाही, आठवडाभर मोजत राहिलो. चौथ्या दिवशी लोक कंटाळले आणि खरे दिसायला लागले.

आणि मला चोर सापडला. तळवड्याच्या स्टॉपवर काका रोज खाली उतरायचे आणि टायरना लाथा मारायचे. एकेक करून सहाच्या सहा टायर! मग हात झटकत वर येऊन बस सोडायचे. सरासरी चौऱ्याण्णव सेकंद. सकाळी डेपोतून निघताना बघितलेल्या टायरना तळवड्यापर्यंत काय धाड भरते? याच स्टॉपवर आमच्या क्वालिटीतल्या एक ताई चढायच्या. लातूरकडच्या, दोन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर. त्यांचं लाइनीवरचं रीडिंग मीच घेतलेलं, सगळ्यांत जलद हात. पण इथे मात्र बस येऊन उभी राहिली तरी त्या पलीकडे टपरीपाशी थांबून राहायच्या आणि काकांचे टायर संपले की मग चढायच्या. मी अहवालात दोन ओळी लिहिल्या. 'टायर तपासणी, ९४ सेकंद, अनावश्यक. प्रवासी वेळेत हजर, तरी चढण्यास विलंब.' स्वतःवरच खूश झालो होतो.

साहेबांनी आठवड्यात फर्मान काढलं. कुठल्याही स्टॉपवर बस तीस सेकंद थांबेल, रस्त्यात टायर तपासायचे नाहीत. मी स्वतः तो कागद काकांना नेऊन दिला. काकांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बरं." त्या 'बरं'मधलं मला काही कळलं नाही.

सोमवारी सकाळी तळवड्याला बस थांबली. काका जागेवरून हलले नाहीत. ताई टपरीपाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या खांद्यावर एक लहान मुलगी झोपलेली होती. आठवडाभर मी टायरकडे बघत होतो, त्यामुळे ही पोर मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. आता काय म्हणावं! ताई हात वर करून ओरडल्या, "काका, एक सेकंद! यायलीय त्यांची बस!" काकांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. तीस सेकंद झाले होते. मी वॉचकडे बघितलं. काकांनी बस सोडली.

मागच्या काचेतून मी बघितलं. समोरून दुसऱ्या एका कंपनीची बस आली, तिच्यातून एक माणूस ती थांबायच्या आधीच उतरला, रस्ता ओलांडून धावत आला आणि त्याने त्या मुलीला घेतलं. ताई आमच्या बसमागे दहा-पंधरा पावलं धावल्या आणि थांबल्या.

त्या दिवशी ताई दोन गाड्या बदलून पावणेनऊला पोचल्या. लेट मार्क. दुपारी कँटीनमध्ये त्यांच्या लाइनीवरच्या बायकांकडून मला सगळं कळलं. नवरा भोसरीत बारा तासांच्या रात्रपाळीला. तो सकाळी येतो तेव्हा ही निघालेली असते, ही संध्याकाळी घरी पोचते तेव्हा तो निघालेला असतो. मधला अर्धा तास शेजारीण मुलीला बघते. सुट्टीसुद्धा त्याची गुरुवारची आणि हिची रविवारची. घरात तिसरं माणूस नाही, म्हणून सकाळी मुलगी स्टॉपवरच या हातातून त्या हातात जायची. नवऱ्याची बस दीड मिनिट मागेपुढे झाली तरी निभावं म्हणून काका टायरना लाथा मारत होते. वर्षभर! आणि महिनाअखेरीला कायम करायच्या लोकांची यादी लागणार होती. तीन लेट झाले की नाव कटणार. मुलीच्या तापात ताईंचा एक आधीच झाला होता. दुसरा त्या दिवशी मी दिला.

जेवण गेलं नाही मला. कँटीनमध्ये गुलाबजाम होते, तरीही.

मंगळवारी ताईंनी वाट पाहिलीच नाही. बस थांबली तशा मुलीला घेऊन सरळ आत चढल्या. "आता काय करू? तिसरा लेट झाला तर संपलंच बघा सगळं," असं कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या आणि माझ्या शेजारी बसल्या, कारण तेवढीच जागा रिकामी होती. पोर जागी झाली, तिने माझ्या गळ्यातलं स्टॉपवॉच धरलं आणि बटण दाबायला सुरुवात केली. टिक, टिक, टिक. कंपनीच्या गेटावर लहान मुलाला आत घेत नाहीत, हे बसमधल्या सगळ्यांना माहीत होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "आला, आला, ताईंचा माणूस आला!" कुणाची तरी मोटरसायकल मागून घेऊन तो बसच्या मागे लागला होता. म्हाळुंग्याचा ट्रॅफिक जॅम, ज्याला आम्ही रोज शिव्या घालतो, त्याने त्या दिवशी लाज राखली. बस अडकली, मोटरसायकल खिडकीखाली आली आणि मी, होय मीच, त्या पोरीला खिडकीतून खाली दिलं. नवऱ्याच्या डोळ्यांत रात्रीची लाली होती. "दूध तापवून ठेवलंय," ताई वरून म्हणाल्या. "तुम्ही जेवून घ्या." अख्ख्या बसने टाळ्या वाजवल्या. काकांनी वाजवल्या नाहीत.

चाकणला उतरताना मी काकांपाशी थांबलो. "काका, मला सांगायचं नाही होय? तुम्ही टायर का बघता ते?"

"तुमी इचारलं न्हाई," काका म्हणाले. "तुमी मोजलं."

मी म्हणालो, "चुकलं माझं. पण दीड मिनिटाचा प्रश्न आहे, साहेब ऐकणार नाहीत. वेळ कुठून तरी काढावा लागेल."

काका पहिल्यांदा हसले. "निगडीवरनं काढा की."

"निगडीला काय आहे?"

"तुमचा चहा."

मला वाटलं गंमत करतायत. पण काकांनी डॅशबोर्डवरचं घड्याळ दाखवलं. निगडीला बस आली की मी टपरीवरून हात वर करतो आणि "वन सेकंद, काका!" म्हणून उरलेला चहा पितो. गरम असतो हो चहा, घटाघटा कसा पिणार? मग सुटे पैसे. मग एक पार्ले बिस्कीट. "साडेतीन मिंटं," काका म्हणाले. "रोज. कागद आल्यावर बी. आमी बी मोजतो, सर. निस्तं लिवत न्हाई."

आणि चिंचवडहून बसून आलेली माणसं एवढी वर्षं माझ्या कपाकडे बघत होती. माझ्या अहवालात हे कुठेच नव्हतं. कारण मी चढलो की वॉच सुरू करत होतो! टाइम स्टडीवाल्याने अख्खी बस मोजली आणि स्वतःला तेवढं वगळलं. सव्वीस वर्षांत एकही खोटं रीडिंग नाही म्हणून छाती फुगवणारा मी, आणि हे काय होतं मग?

बुधवारी मी बशीत चहा ओतून पळणार होतो, पण चहाच घेतला नाही. मुकाट्याने चढलो. बसमध्ये कुणीतरी म्हणालं, "राव, सर आजारी आहेत काय?" तळवड्याला काका जागेवरून उठले, माझ्याकडे न बघता खाली उतरले आणि टायरला लाथ मारली. मीही उतरलो. दुसऱ्या बाजूच्या टायरला मी मारली. पायाचा अंगठा ठणकला, पण मुलगी बापाच्या खांद्यावर गेली आणि ताई चढल्या.

फर्मान मोडलं होतं, तेव्हा साहेबांकडे जाणं भाग होतं. केबिनच्या काचेतून त्यांनी एक बोट वर केलं. "जस्ट अ मोमेंट." ते फोनवर होते. मी बाहेरच्या खुर्चीत बसलो आणि वॉच दाबलं. ठरवलंच होतं, हा मोमेंट किती मिनिटांचा झाला ते आज तोंडावर सांगायचं. तुमचा एक मोमेंट एवढा आणि तिला दीड मिनिट नाही? वाक्य मी चारदा घोकलं. बावीस मिनिटं सोळा सेकंदांनी बोलावणं आलं. आत गेलो तर साहेबच आधी म्हणाले, "सॉरी हं. आई असते नागपूरला, एकटी. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, कुठल्या बाटलीतले थेंब कधी घालायचे ते रोज विसरते. सकाळी मी फोनवर घालून घेतो."

घोकलेलं वाक्य तसंच गिळलं आणि मी नवा कागद पुढे ठेवला. 'निगडी, २१० सेकंद. कारण : टाइम स्टडी करणाऱ्याचा चहा. रद्द करावा.' त्याखाली, 'तळवडे, ९४ सेकंद. आवश्यक.' आणि त्याखाली, 'सोमवारचा लेट मार्क माझ्या अभ्यासातल्या चुकीमुळे झाला आहे, तो काढावा.' साहेबांनी पहिली ओळ दोनदा वाचली.

"तुमचा चहा?"

"माझाच."

"आणि आवश्यक म्हणजे? कशासाठी आवश्यक?"

मी सांगितलं. पाळ्या, सुट्ट्या, मुलगी, खिडकी, सगळं. म्हटलं, "साहेब, मशीनवरच्या माणसाचा वेळ काढताना आम्ही त्यात पाणी प्यायला, घाम पुसायला थोडा वेळ धरतो. धरावाच लागतो, नाहीतर स्टडी चुकीचा. तळवड्याला मी तो धरला नाही. माझ्या चहाला न सांगता धरला होता." साहेबांनी पेन काढून सही केली. "आणि टायर?" त्यांनी विचारलं. "टायरना लाथा मारायची आता गरज नाही ना?" मी म्हणालो, "ते काकांना सांगून बघा." साहेबांनी सांगितलं नाही.

आता माझा चहा घरीच होतो. पहाटे बायकोला उठवायचं पाप नको म्हणून मी स्वतः ठेवला, तर दूध उतू गेलं. दुसऱ्या दिवसापासून ती उठायला लागली. "बसा, टू मिनिट्स," म्हणाली. मी बसलो. वॉच गळ्यात होतं, पण हात त्याच्याकडे नेला नाही. तिच्या हे लक्षात आलं असावं, कारण चहात आलं पडलं होतं.

महिनाअखेरीला यादी लागली. ताईंचं नाव होतं, वरून चौथं. दुसऱ्या दिवशी त्या पेढ्यांचा बॉक्स घेऊन बसमध्ये चढल्या. काकांना दोन दिले, मला दोन दिले आणि शेजारी बसल्या. बस सुटली. "सर, एक विचारू का? राग मानू नका."

"विचारा की."

"तुम्ही स्टॉपवरचं सगळं मोजलंय ना? आम्ही दोघं तिथं किती वेळ भेटतो, ते पण आलं असंल त्यात." त्या लाजल्या. "आमचे हे म्हणायलेत, मिनिटभर असंल. मी म्हणलं, काहीतरीच काय, चांगलं पाच मिनिटं भेटतो आपण रोज. पैज लागलीय दोघांत. तुम्ही सांगा खरं काय ते."

कागद माझ्या पिशवीतच होता. चौऱ्याण्णव, त्यावर माझी सही, शेजारी साहेबांची. आरशात काकांचे डोळे माझ्यावर होते. तोंडातला पेढा आधी संपवला.

"पाच मिनिटं," मी म्हणालो. "वर थोडे सेकंद असतील. तुम्ही जिंकलात, ताई."

"बघा! मला माहीत होतं." त्या एवढ्या खूश झाल्या, की त्यांनी मला तिसरा पेढा दिला. मी म्हटलं, लगेच फोन करून सांगा नवऱ्याला. "नको, घरी जाऊन झोपू दे त्यांना," ताई म्हणाल्या. "उद्या स्टॉपवर सांगते निवांत. वेळ असतोय की."